दाबून राहिलेला माइक

ओटिसला भोपळा भरवत होते, तेवढ्यात रेडिओवर वेलन गायला लागला.

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. रेडिओवर कुणी गात नाही. आधी कान द्यायचा, वाट मोकळी आहे का बघायचं, मग आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं ओळखचिन्ह, सांगायचा आणि मग बोलायचं. हे सगळं मला वेलननेच शिकवलेलं. आणि इथे तोच भर दुपारी बदकांचं गाणं बेसूर आवाजात म्हणत होता. मागे ट्रकची घरघर होती.

"डॅडी, चुकलास. आधी बेडूक येतो," डेलाचा आवाज आला.

"बेडूक मागच्या कडव्यात गेला की."

"नाही गेला. तू त्याला खाल्लंस."

मग माझ्या लक्षात आलं. ट्रकमधला माइक कशाखाली तरी दाबला गेला होता. बहुतेक डेलाच्या दप्तराखाली. बटण दाबलेलं असेपर्यंत सेट फक्त बोलतो, ऐकत नाही. म्हणजे ट्रकमधलं सगळं आता अख्ख्या खोऱ्याला ऐकू जात होतं, आणि खोऱ्यातल्या कुणालाच ते वेलनला सांगता येत नव्हतं.

असं फार वेळ होऊ नये म्हणून सेटमध्ये सोय असते. बटण दाबून राहिलं तर थोड्या वेळाने सेट आपणहून गप्प होतो. वेलनने ती सोय काढून टाकली होती. "माझं वाक्य तोडतो तो," म्हणाला होता. त्याच्या रेडिओ क्लबातल्या अर्ध्याअधिक मंडळींनी तेच केलंय. या लोकांना घरात गळकं छप्पर चालतं, पण बोलणं मध्येच तुटलेलं चालत नाही.

मला आधी हसूच आलं. वेलन हॅम आहे, म्हणजे परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घेतलेला माणूस. तो परवाना ज्याचा त्याला असतो, नवऱ्याच्या परवान्यावर बायकोला बोलता येत नाही. मला ती परीक्षा द्यायची हौस कधी आली नाही, म्हणून त्याने घरगुती रेडिओ सेवेचाही परवाना काढला. त्याला परीक्षा नाही, आणि एकाच्या नावावर अख्खं घर बोलू शकतं. आमच्या खोऱ्यात मोबाइल लागत नाही, जुनी फोनची तारही काढून नेली, त्यामुळे इथल्या बहुतेक घरांनी आता हेच केलंय. टेकडीवर व्हर्जिल क्रॅबट्रीने रिपीटर उभा केलाय. तो आमचे आवाज उचलून दुसऱ्या टोकापर्यंत फेकतो. कुणाचं वासरू सुटलं, कुणाला दुकानातून दूध हवंय, सगळं त्यावर चालतं. आता पुढचा महिनाभर सगळे वेलनला बेडूक म्हणणार, एवढंच माझ्या मनात आलं.

"नवे बूट मम्मीला दाखवायचे," डेला म्हणाली.

"दाखव की. आइस्क्रीमचं मात्र बोलायचं नाही."

"आणि फरशीचं?"

"फरशीचं तर अजिबात नाही. आपलं ठरलंय ना?"

मी चमचा खाली ठेवला.

फरशी म्हणजे ब्रायर ओढ्यावरचा सखल पूल. पूल कसला, पात्रात टाकलेली काँक्रीटची लादी, कठडे नाहीत. शाळेकडून घरी यायला दोन रस्ते. एक वरून, डोंगराच्या कण्यावरून, लांबचा. दुसरा खालून, फरशीवरून. ओटिस पोटात होता तेव्हा मी वेलनला सांगितलं होतं, डेला गाडीत असली की वरून यायचं, पाणी असो नसो. तो बरं म्हणाला होता. रोज घरी आल्यावर मी विचारायची, "वरून आलात ना?" आणि रोज तो म्हणायचा, "वरूनच."

"मम्मी विचारेल," डेला म्हणाली.

"विचारू दे. मी सांगीन. मम्मीला भीती वाटते ना, म्हणून आपण तिला भीती वाटणार नाही असं सांगतो. यात काही खोटं नाही. तिच्या तब्येतीसाठी चांगलं."

अख्खं खोरं ऐकत होतं. माझे कान तापले. ओटिस तोंड उघडून बसला होता. पुढचा घास त्याला देता येईना.

बाहेर लख्ख ऊन होतं. पण सकाळपासून वरच्या अंगाला, डोंगराच्या कण्यापलीकडे, काळं भरून आलेलं मी खिडकीतून दोनदा पाहिलं होतं. अशा दिवशी क्लबवाले हॅमच्या वाटेवर, म्हणजे त्यांच्या वेगळ्या फ्रीक्वेन्सीवर, हवामानाची बैठक लावतात. कुणाकडे किती पाऊस, कुठे गारा, ओढे कुठवर चढले, एकेक जण सांगत जातो. वेलनच्या खोलीतला सेट त्याच वाटेवर लावलेला असतो. मी ओटिसला कडेवर घेतलं, स्वयंपाकघरातला छोटा रेडिओ कमरेला अडकवला आणि त्या खोलीत गेले.

आर्डिथ पोग बोलत होत्या. पूर्वी शाळेची बस चालवायच्या, आता ओढ्याच्या पलीकडच्या कड्यावर एकट्या राहतात. सिगारेटींनी घोगरा झालेला आवाज. त्यांच्या अंगणातून फरशी सरळ खाली दिसते.

"...फरशीवर पाणी चढलंय व्हर्जिल. इकडे थेंब नाही पडलेला, सगळं वरून येतंय. आणि आत्ता एक ओंडका येऊन आपटला. मधला तुकडा गेला बघ. पाण्याखाली नुसतं भोक आहे. वरून मात्र काही कळत नाही, सरळ वाहतंय."

माझ्या कमरेवरच्या रेडिओत वेलन पुन्हा बेडकापासून सुरू झाला.

टेबलावरचा माइक मी आजवर कधी हातात घेतला नव्हता. घेतला आणि बटण दाबलं.

"वेलन ट्रक घेऊन फरशीकडे येतोय! डेला आहे त्याच्याबरोबर!"

लाइल बोलला. तो क्लबाचे नियम पाठ असलेला माणूस आहे.

"कोण बोलतंय? कॉलसाइन द्या."

मी आमच्या घरचा कॉलसाइन सांगितला.

"बाई, तो घरगुती सेवेचा झाला. इथे चालत नाही. परवान्याशिवाय या वाटेवर तुम्हाला..."

"लाइल, तोंड मिट," व्हर्जिलचा आवाज मध्ये घुसला. "जिवावर बेतलं की कुणीही कुठेही बोलू शकतं, नियमातच लिहिलंय ते. तूच मला शिकवलंस. पोरी, तू लॉरेल ना? बोल."

"काका, त्याचा माइक दाबलेला आहे. रिपीटरवर तेच ऐकू येतंय. त्याला काही सांगता येत नाही."

"ते ऐकतोच आहे मी. बेडूक." मग त्याचा आवाज खाली आला. "लॉरेल, ऐक. खालच्या घरांना पाण्याचा इशारा द्यायचाय. ते हॅम नाहीत, रिपीटरवरच ऐकतात. आणि रिपीटर तुझ्या नवऱ्याने अडवून ठेवलाय. मला तो बंद करून दुसरा उघडावा लागेल."

"नको काका! बंद केलात तर मला काहीच ऐकू येणार नाही."

पाठीमागे त्याची बायको काहीतरी म्हणत होती.

"बरं. लाइल, गाडी काढ आणि खालच्या घरांची दारं वाजवत जा. सगळी. इथे बसून लोकांचे कॉलसाइन विचारण्यापेक्षा ते बरं."

"निघालो," लाइल म्हणाला. खरंच निघाला.

मग व्हर्जिल मला म्हणाला, "वेलनच्या ट्रकमध्ये हॅमचाही सेट आहे. तो या वाटेवर असला तर आत्ता आपण त्याच्या कानात बोलतोय. हाक मार. जोरात."

"वेलन! थांब! फरशी तुटलीय! वेलन!"

बटण सोडलं आणि ऐकलं. माझाच आवाज ट्रकमधून फिरून कमरेवरच्या रेडिओत आला होता, पण नुसती कुजबुज. त्याने तो सेट अगदी बारीक करून ठेवला होता. शब्द लागत नव्हते. पुन्हा ओरडले. पुन्हा तीच कुजबुज.

"बघ, म्हाताऱ्यांचं हवामान सुरू झालं," वेलन डेलाला म्हणाला. "कुणाच्या दाराशी कुत्रं मुतलं तरी यांचा पूर येतो."

डेला खदखदून हसली. टिक् असा आवाज आला. कुजबुज थांबली.

त्याने मला बंद केलं होतं.

ओटिस माझी कॉलर ओढत होता. मी वेलनच्या खुर्चीत बसले की उभीच होते, ते आता आठवत नाही. रेडिओत खडी वाजायला लागली होती. खडीचा रस्ता म्हणजे डांबर संपलं, म्हणजे ओढ्याचा उतार लागला.

"आर्डिथबाई," मी म्हणाले, "दिसतोय का तो?"

"झाडीतून धूळ दिसतेय गं. तो मला बघणार नाही. उतरून जायचं तर माझे गुडघे... बाई गं, पोचणारच नाही मी."

"त्याच्याकडे आणखी काही सेट आहे का?" व्हर्जिल विचारत होता. "हातातला? काहीही?"

होता. डेलाचा. तळहाताएवढा, पिवळा. अंगणातून गोठ्यापर्यंत मला हाक ऐकू जावी म्हणून मी तिला तो दिला होता, आणि दप्तराच्या खिशात तो कायम चालू ठेवायचा, हेही मीच तिला बजावलं होतं. तो आमच्या घरच्या वाटेवर असतो, रिपीटरवर नाही. पण मी इतकी लांब, मध्ये दोन डोंगर. माझ्या छोट्या सेटने तो गाठला नसता.

"मी गाठते," आर्डिथबाई म्हणाल्या. "मी वर आहे, मध्ये काही नाही. वाट सांग."

मी सांगितली. व्हर्जिल पुटपुटला, "ट्रकमधला सेट शेजारीच एवढा बोंबलतोय. त्या खेळण्याला स्पष्ट काही ऐकू येणार नाही. तरी बघ."

मी कमरेवरचा रेडिओ काढून कानाला लावला. ट्रकमध्ये दप्तरातून खर्र... खर्र... असं काहीतरी उमटलं.

"डॅडी, माझा रेडिओ बोलतोय."

"काय म्हणतोय?"

"कळत नाही. खरखर बोलतोय. बाई आहे कुणीतरी."

"मग बंद कर ना ते."

"नाही. मम्मी म्हणते बंद नाही करायचा."

शहाणी माझी पोर. बोल. बोल त्यांच्याशी.

"मग बोल," वेलन म्हणाला.

"नाही बोलायचं. मम्मी नसेल तर उत्तर द्यायचं नाही. कुणी नाव घेऊन बोलावलं तरी नाही."

हे मी शिकवलं होतं. डिसेंबरमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पुन्हापुन्हा घोकून घेतलं होतं. अनोळखी माणूस रेडिओवर गोड बोलेल, कुठे राहतेस विचारेल, तू गप्प बसायचं. खोऱ्यातल्या दुसऱ्या आया मला हसल्या होत्या. डेलाने ते मनापासून पाळलं होतं, आणि आता तेच पाळत ती ओढ्याकडे चालली होती.

"ती ऐकत नाहीये!" आर्डिथबाई ओरडल्या. "नाव घेतलं, थांब म्हणाले, काही नाही! लॉरेल, ट्रक दिसला. वळणावर आला."

"अरे वा," रेडिओत वेलन म्हणाला, "पाणी आलंय की फरशीवर."

इंजिन मंदावलं. थांबेल, थांबेल, थांबेल.

"किती आहे?" डेलाने विचारलं.

"काही नाही गं, वीतभर. काठावरचे दगड दिसतायत. ट्रक उंच आहे आपला. पाय वर घे बघू, आता आपण होडी झालो."

पाण्याचा आवाज मी ऐकला. चाकांखालचा. आपल्या स्वयंपाकघरापासून चार पावलांवर उभं राहून, ऊन अंगावर घेत, मी माझ्या मुलीच्या पायाखालचं पाणी ऐकत होते.

"आर्डिथबाई!" माझा आवाज कुठून निघाला कोण जाणे. "तुमचा छोटा सेट मोठ्याच्या स्पीकरला लावा. बटण दाबून धरा. माझा आवाज तिला जाऊ दे. शब्द नाही कळले तरी चालतील."

"लावला. ओरड."

शब्दांचा उपयोग नव्हता. रोज जेवायच्या वेळी मी मागच्या ओट्यावरून डेलाला हाक मारते तीच हाक मी मारली. डे वरून उंच चढायचं आणि ला वर लांबवत खाली उतरायचं. माझी आई आम्हा बहिणींना अशीच बोलवायची. ती हाक आली की हातातलं टाकून धावत यायचं, हे डेलाला शिकवावं लागलं नाही. मूल चालायला लागलं की ते त्याच्या पायात येतंच.

"डेऽऽ लाऽऽऽऽ! डेऽऽ लाऽऽऽऽ!"

ओटिस दचकून रडायला लागला. ते रडणंही गेलं असणार.

रेडिओत आधी पाणीच होतं. मग खरखरीतून माझी हाक आली. फाटलेली, पत्र्यासारखी, पण चाल तीच.

"मम्मी!" डेला किंचाळली. "डॅडी, मम्मी बोलावतेय! थांब! मला जायचंय!"

"अगं, कुठली मम्मी..."

"मम्मी आहे! ओटिस पण आहे! थांब ना!" पट्टा सुटल्याचा खटका मी ऐकला.

"डेला! बस खाली, पट्टा लाव. डेला!" आणि ब्रेक. पोरीने पट्टा काढला म्हणून त्याने ब्रेक दाबला. पाण्यासाठी नाही.

"आत्ता कुठे आहेत?" मी विचारलं.

"पुढची चाकं पाण्यात," आर्डिथबाई म्हणाल्या. "लादीच्या काठावर. भोक तिथून ट्रकभर लांब असेल. लॉरेल, थांबलाय तो. थांबलाय."

मी हाक मारतच राहिले. घसा सोलला. ट्रकमध्ये दप्तर ओढल्याचा आवाज आला, काहीतरी घासलं, आणि मग वेलनचा आवाज एकदम जवळ, माइकला चिकटल्यासारखा आला.

"हे इथे कसं..."

आणि रेडिओ गप्प झाला.

माइक सुटला होता. एवढा वेळ मी ज्याच्यासाठी जीव टाकला होता ते झालं होतं, आणि आता मला काहीच ऐकू येत नव्हतं. पाणी नाही, इंजिन नाही, डेला नाही. नुसता पोकळ शांतपणा, आणि कडेवर ओटिसचे हुंदके. मघाशी निदान ती जिवंत आहे हे कानाला कळत होतं. मी रेडिओचा आवाज वाढवला, आणखी वाढवला. व्हर्जिल रिपीटरवर एकदाच म्हणाला, "वेलन, फरशी तुटलीय, मागे घे," आणि वाट सोडली. सगळं खोरं वाट मोकळी ठेवून बसलं होतं.

मग वेलन आला. आधी कॉलसाइन सांगितला. त्याही वेळी सांगितला.

"मागे घेतोय," तो म्हणाला. आवाज ओळखू येत नव्हता. "लॉरेल, मागे घेतोय. वरून येतो."

आर्डिथबाईंनी सांगितलं, "वळला गं. चढण चढला. दिसेनासा झाला."

ते घरी पोचले तेव्हा मी फाटकाशी होते. डेला आधी उतरली. नवे लाल बूट घातलेले, एकाचा बंद सुटलेला.

"मम्मी, तू कुठून ओरडलीस? झाडात होतीस का?"

मी तिला उचललं. एका कडेवर ओटिस, एका कडेवर ती. कशी उचलली माहीत नाही, ती आता जड झालीय. तिच्या केसांना आइस्क्रीमचा वास येत होता.

वेलन दार उघडून तसाच बसून होता. पाय बाहेर, हात गुडघ्यांवर. पँट पोटऱ्यांपर्यंत ओली होती, म्हणजे उतरून बघून आला होता. भोक पाहिलं असणार त्याने.

"सगळ्यांनी ऐकलं?" त्याने विचारलं.

हा त्याचा पहिला प्रश्न होता. रेडिओपाशी मी जेवढी हादरले नव्हते तेवढी तिथे फाटकाशी हादरले. पाण्याने मला घाबरवलं होतं. हा मात्र माझा नवरा होता.

"सगळ्यांनी," मी म्हणाले.

"सुरुवातीपासून?"

"बेडकापासून."

त्याने तोंडावरून हात फिरवला. मान खाली होती.

"रोज जायचास फरशीवरून?"

"लॉरेल..."

"रोज?"

"रोज." मग हळूच, "शाळा सुरू झाल्यापासून. पाणी कधी नसायचंच गं. तू उगाच काळजी करशील म्हणून..."

"माझ्या तब्येतीसाठी."

तो रडायला लागला. मी त्याला रडताना एकदाच पाहिलंय, डेला झाली तेव्हा. डेला माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे बघत होती. "डॅडी, आपण होडी झालो नाही ते बरं ना?" तिने विचारलं.

माझ्या मनात खूप होतं. त्याला हाकलून द्यावं, मिठी मारावी, थोबाडीत द्यावी. यातलं काहीच केलं नाही. दोन्ही मुलं कडेवर होती.

"किल्ली दे," मी म्हणाले.

त्याने झटकन वर पाहिलं. "कुठे चाललीस?"

"कुठेही नाही. उद्यापासून डेलाला मी आणणार. वरून. तू घरी ओटिसपाशी बसायचं."

"तू तो रस्ता कधी चालवला नाहीस. त्या वळणांवर तुला..."

"भीती वाटते. हो. वाटणारच आहे. आणि मी माइक हातात धरून, प्रत्येक वळणाला सांगत येईन कुठे आहे ते. तू रेडिओपाशी बसायचं आणि ऐकायचं. दुसरं काही करायचं नाही. नुसतं ऐकायचं."

त्याने ट्रकला लावलेली किल्ली काढायला हात मागे नेला. ती लगेच निघेना. तो ओढत राहिला आणि मी उभी राहिले, निघेपर्यंत.